जुन्या ट्रकला बसवलेला एसी

माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक पोटातलं पोटात ठेवतात आणि वर गोड बोलतात. मला ते जमत नाही. कुणाच्या दारात नवीन वस्तू उभी राहिली की माझ्या पोटात दुखतं आणि ते तोंडावर लगेच दिसतं. बायको म्हणते, "तुमचं तोंड पायलं की समजते, शेजारी काहीतरी नवीन आलं."

खामगावात आमचं ट्रक उभे करायचं एक मोकळं मैदान आहे. तिथं माझी जुनी दहाचाकी गाडी उभी असते. कापसाच्या गाठी, सरकीची ढेप, मका, सोयाबीन, जे मिळेल ते तिनं सतरा वर्षं वाहिलं. सुरुवातीला मीही चालवायचो, पण कमरेनं दगा दिला. तेव्हापासून गाडी पूर्णपणे माझ्या ड्रायव्हरच्या हातात. तो धामणगाव बढ्याचा, माझ्याच वयाचा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ. गाडी शोरूममधून बाहेर काढली तीही त्यानंच, बिस्मिल्ला म्हणून. मी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं.

माझ्या गाडीशेजारी माझ्या वर्गमित्राच्या गाड्या उभ्या असतात. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. पहिली सायकल त्याची, पहिली फटफटी त्याची, लग्नसुद्धा माझ्याआधी त्याचं. त्यात त्याचा काही दोष नाही, आणि मला तेच जास्त खटकतं. माणूस वाईट असता तर मला मोकळेपणानं शिव्या तरी देता आल्या असत्या.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं नवा ट्रक घेतला. नव्या गाड्यांच्या केबिनला आता एसी असतोच, तसा सरकारचा नियमच झाला आहे. पांढरी केबिन, काळ्या काचा, झेंडूचा हार. मैदानातल्या सगळ्यांना त्यानं पेढे दिले आणि मग माझ्यासमोर माझ्या ड्रायव्हरला हाक मारली, "भाई, तुया हात चांगला हाय. एक चक्कर मारून आण बरं."

भाई जलंबपर्यंत जाऊन परत आला. दुपारचे तीन वाजले असतील. तो खाली उतरला आणि मी पाहिलं, त्याचा शर्ट कोरडा होता. इतक्या वर्षांत वैशाखातल्या दुपारी त्या माणसाचा शर्ट कोरडा मी पाहिला नव्हता. एरवी त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे.

"कसं हाय?" मी विचारलं.

"थंड हाय भाऊ. झोप येते मले."

मी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं कानावरून गेलं.

"तुया ड्रायव्हर मले देऊन टाक बे," वर्गमित्र हसत म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. 

गाडी जुनी होती, ते मला कळत होतं. पण व्यापारी मला माल द्यायचे ते गाडीकडे पाहून नाही, भाईकडे पाहून द्यायचे. भाई म्हणजे माल वेळेवर आणि कोरडा पोचणार. तो गेला तर माझ्याकडे उरतं काय? दहा चाकांचं लोखंड आणि एक दुखरी कंबर. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, हा माणूस त्या थंड केबिनमध्ये जाणार.

खरं तर भाईची किंमत त्याच्या हातात नव्हती, कानात होती. आमच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा आठ-नऊ वर्षांपूर्वी बंद पडला, तो आम्ही कधी बदललाच नाही. गरज काय? भाई काच एक वीत खाली ठेवायचा, डावा कान इंजिनाकडे आणि उजवा बाहेर. नांदुऱ्याच्या पुढे एकदा तो मला म्हणाला, "पाण्याचा पंप जाऊन राह्यला भाऊ." मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. गॅरेजला पंप उघडला तर बेअरिंगचा चुरा. त्या दिवसापासून मी काट्याचं नाव काढलं नाही.

तर ठरवलं, आपल्याही गाडीला एसी बसवायचा. भाईला विचारलं नाही. तो तेव्हा घरच्या लग्नासाठी पाच दिवस धामणगावला गेला होता. मला वाटलं, येईल तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

खामगावात एक म्हातारे उस्ताद आहेत. जन्मभर बसगाड्यांचे एसी केले, आता घरामागच्या शेडमध्ये काम करतात. त्यांनी माझ्या इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या, पुलीवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"होते. कायले नाई होत?" ते म्हणाले. "इंजिनावर पट्टी बनवून कॉम्प्रेसर बसवू, पुलीले एक खाच वाढवू, त्याच्यावर बेल्ट. थंडीची कॉइल डॅशबोर्डाखाली. आता सांगा, गर्मी फेकायची जाळी कुठी लावू? टपावर लावतो, तिले तिचा पंखा देतो. मंग तुमच्या इंजिनाले तरास नाई."

टपावर म्हणजे केबिनच्या डोक्यावर एक पेटी. मी त्या पेटीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि मला वर्गमित्राची ती स्वच्छ पांढरी केबिन आठवली. तिच्या डोक्यावर काही नव्हतं.

"टपावर नको," मी म्हणालो. "कुलरवाणी दिसन. कंपनीचा वाटला पाहिजे."

"मंग रेडिएटरच्या पुढं लावा लागन."

"लावा."

उस्तादांनी रेडिएटरवर हात ठेवला. मग म्हणाले, "पाहा बरं. रेडिएटरपुढं दुसरी जाळी म्हणजे तोंडावर रुमाल बांधून पळनं हाय. सपाटीवर चालून जाईन. चढावर मात्र एसी बंद करजा. भरल्या गाडीत, उन्हाळ्यात, घाटात, बंद म्हणजे बंद. ड्रायव्हरले सांगजा."

"हाव, सांगतो," मी म्हणालो.

चार दिवस काम चाललं. उस्तादांनी दारांना नवं रबर लावलं, जिथं जिथं फट होती तिथं पट्टी भरली, इंजिनावरच्या झाकणाला लोकरीचा जाड नमदा आणि वरून रेक्झिन चढवलं, कारण थंडी आत टिकायची तर केबिन बंद डब्यासारखी हवी. नळ्यांच्या जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला, गॅस भरला आणि बटण दाबलं. आधी धुळीचा वास आला, मग गार वारा. मी सीटवर बसून डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, त्या गारव्यात मला उन्हाची आठवण झाली नाही. वर्गमित्राचं तोंड कसं होईल, तेच दिसत होतं.

भाई लग्नाहून आला. मी त्याला वर बसवलं, गाडी चालू केली, बटण दाबलं आणि त्याच्याकडे बघत राहिलो. तो जरा वेळ बसला. मग त्यानं इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला.

"भाऊ, इंजिन कुठी गेलं?"

"काय?"

"आवाज येऊन नाई राह्यला."

मला रागच आला. माणूस एवढी हौस करतो आणि ह्याला आवाज पाहिजे. "नवीन गाडीत येते काय आवाज?" मी म्हणालो. "तिथं तं मोठ्या खुशीनं बसला होता." तो माझ्याकडे बघून नुसता हसला. आणि उस्तादांनी जे सांगायला सांगितलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. विसरलो नाही. तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, त्या गाडीत तं घाटातबी चालू ठेवता येते. ते वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात धामणगावहून चिखलीला मका न्यायचा होता. मीही सोबत निघालो. कमरेला बरं वाटेल असं घरी सांगितलं. खरं कारण असं होतं की वर्गमित्राची गाडीही त्याच व्यापाऱ्याचा मका भरत होती, आणि तो स्वतः तिच्यासोबत आला होता.

मोताळ्याला चहासाठी दोन्ही गाड्या थांबल्या. भाई पाण्याच्या बाटल्या भरायला गेला तेवढ्यात मी वर्गमित्राला माझ्या केबिनमध्ये चढवलं. त्यानं तोंड एसीच्या जाळीसमोर धरलं, शर्टाची वरची गुंडी काढली.

"वा बे! मस्त करून घेतलं. जुन्या गाडीत एवढी थंडी?" तो मनापासून म्हणाला. मी त्याच्या तोंडावर जळफळाट शोधत होतो. थेंबभरही नव्हता. इतका खर्च, इतका खटाटोप, आणि हा बाबा खूश! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मोताळा सोडलं की राजूरचा घाट. घाटाच्या पायथ्याशी भाई नेहमी पाच मिनिटं थांबायचा. इंजिनाला दम खाऊ द्यायचा, रेडिएटरचं पाणी पाहायचा, टायरवर हात मारायचा. कितीही घाई असो, ही पाच मिनिटं चुकली नाहीत. त्या दिवशीही त्यानं गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली. पुढची पांढरी केबिन न थांबता घाटाला लागली.

"थे थांबले नाई," मी म्हणालो. "आपन कायले थांबायचं? चाल."

"पाच मिनिटं भाऊ."

"चाल म्हटलं ना."

त्यानं गाडी परत रस्त्यावर घेतली. पहिल्या वळणानंतर त्याचा हात काचेकडे गेला आणि सवयीनं काच वीतभर खाली आली. बाहेरची झळ आत आली.

"काच लाव बे! थंडी जाऊन राह्यली सगळी."

त्यानं काच लावली. इतक्या वर्षांत मी त्याला गाडी कशी चालवायची ते कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही माझं असं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं. तो जरासा पुढे वाकून बसला, मान डावीकडे कलती. आता समजतं, तो ऐकायचा प्रयत्न करत होता. नमद्याखालून, रेक्झिनखालून, पंख्याच्या घूं-घूंमधून तो आपलं इंजिन शोधत होता.

गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आली. मला उस्तादांचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असं मी कुणाला सांगितलं असेल तर ते खोटं. माझा हात एसीच्या बटणापर्यंत गेलासुद्धा होता. तेवढ्यात वरच्या वळणावर ती पांढरी केबिन दिसली. काचा बंद, आरामात चढत होती. मी हात मागे घेतला.

त्यानंतर दोन वळणं झाली असतील. गाडीनं एकाएकी जीव सोडला. ओढच राहिली नाही. पुढून वाफेचा लोट उठला आणि काच पांढरी झाली. भाईनं गाडी डोंगराच्या बाजूला दाबली, ब्रेक धरला, आणि मी उतरून दगड शोधून चाकाखाली घातले. खाली आल्यावर वास आला, जळक्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. हा वास एरवी भाईला मैलभर आधी आला असता.

वर्गमित्र वरून चालत खाली आला, दोन कॅन पाणी घेऊन, एवढ्या उन्हात. संध्याकाळपर्यंत त्यानंच फोन करून आपली दुसरी रिकामी गाडी आणवली, माझा मका तिच्यात भरून चिखलीला पोचवला. मला थँक्यू म्हणावं लागलं. तो शब्द मी खड्यासारखा उचलून त्याच्यापुढे टाकला.

इंजिन जाम झालं होतं. गाडी ओढून खामगावला आणली. खोलून पाहिलं तर हेड वाकलेलं, पिस्टन घासलेले. गॅरेजवाला म्हणाला, दोन महिने तरी धरा, जुन्या गाडीचे पार्ट शोधावे लागतात.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या दहा दिवसांबद्दल.

भाई रोज गॅरेजला यायचा. खोललेल्या इंजिनाजवळ बसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "भाऊ, मायी चूक झाली. मले ऐकूच नाई आलं."

मी गॅरेजवाल्याच्या पार्टांच्या यादीत डोकं घातलं.

"कान गेला माया," तो म्हणाला. "वय झालं आता. पहिले मले दोन वळनं आधी समजत होतं."

इथं मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. कान तुझा नाही गेला, अक्कल माझी गेली. उस्तादांनी सांगितलेलं मी तुला सांगितलं नाही. हे म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरं काहीतरी आलं, आणि ते मी इथं लिहितो कारण ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मला वाटलं, याला आपला कान गेला असं वाटतंय तर वाटू दे. कान गेलेला ड्रायव्हर दुसऱ्याच्या नव्या गाडीवर कशाला जाईल? राहील इथंच.

म्हणून मी म्हणालो, "होते भाई असं. वयात होते."

दहा दिवस मी त्याला तसंच ठेवलं. त्याचं बोलणं कमी झालं. कुणी हाक मारली की तो मान वळवून, डोळे बारीक करून बघायला लागला, जणू खरंच ऐकू येत नाही. मैदानात कुणी तरी म्हणालंसुद्धा, भाई आता थकला. मला वाईट वाटत होतं आणि आतून सुटल्यासारखंही वाटत होतं.

अकराव्या दिवशी कॉम्प्रेसर सोडवून न्यायला उस्ताद गॅरेजला आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि सरळ भाईकडे वळले.

"काऊन रे बाबू? घाटात एसी चालू ठेवला होता काय? चढावर बंद करजा म्हून तुया मालकाले बजावून सांगतलं होतं मी. तुले सांगा म्हटलं होतं."

भाईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवर पडलेल्या नटबोल्टकडे पाहत होतो. गॅरेजमध्ये कुणाचा तरी ग्राइंडर चालू होता, तो नेमका तेव्हाच थांबला. भाई उस्तादांना म्हणाला, "हाव, सांगतलं होतं. मीच विसरलो." मग उठून हात पुसून निघून गेला. त्यानं माझी लाज उस्तादांसमोर झाकली, हे मला घरी आल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. बायकोनं चहा दिला, तो त्यानं घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, उद्यापासून मी तुमच्या दोस्ताच्या गाडीवर जातो."

ज्याला घाबरून एवढं सगळं केलं, तेच तो माझ्या ओसरीत बसून शांतपणे सांगत होता. आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, काय विचारलं असेल? "एसीसाठी जाऊन राह्यला ना?"

"नाई भाऊ. गर्मीची सवय हाय मले." त्यानं कप बाजूला सरकवला. "आठवडाभर बायको माया कानात कोमट तेल टाकत होती. मंग बुलढान्याले डॉक्टरकडं गेल्तो. त्यानं मशिन लावून पायलं. म्हने, कान एकदम चांगले हाय तुमचे, जवान मानसासारखे. मी त्याले म्हटलं, साहेब, तुमची मशिन खराब असन. माया भाऊनं सांगतलं मले, वयात होते असं."

माझी बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"डॉक्टर हासला," भाई म्हणाला. "मी रागानं उठून आलो तिथून. तुमच्यापाई मी त्याले खोटं ठरवलं."

तो उठला, चपला घातल्या. त्याला थांबव, त्याचा हात धर, काहीतरी बोल, असं माझं मन मला सांगत होतं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी आज बदलू शकत नाही.

"पगार किती देऊन राह्यला थो?" मी विचारलं.

भाईनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता.

"थे मी विचारलंच नाई भाऊ," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.